फोन पहाटे बाजारात जातो

गुरुवार, ४ डिसेंबर २०२५. अमरावती

आधी दुरुस्ती. मागच्या शुक्रवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की वलगावच्या बायकांनी फोनवरच्या अभ्यासक्रमाचा पहिला चाचणी धडा ऐकला आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. चूक. त्या बायकांच्या नावापुढे जे नंबर आहेत त्या फोनांवर धडा वाजला आणि कोणीतरी बटणं दाबली. खरं तेवढंच. त्याखालची ओळ, 'बायका किती पहाटे उठून अभ्यास करतात', ती तर आता वाचवत नाही. पण खोडणार नाही. राहू दे.

आज वलगावला गेले होते. अभ्यासक्रम सुरू होताना वाजवायला बायकांचे दोन-दोन शब्द रेकॉर्ड करायचे होते. मंगलावैनींच्या अंगणात पालकाच्या जुड्या बांधणं चाललं होतं. सहज विचारलं, धडा कसा वाटला?

"कोनता धडा?"

फोनवर आला होता तो, म्हटलं. तुम्ही उत्तरंही दिलीत.

"मी? ताई, फोन त यायच्यासंग बाजारात जाते. आडत्याचा फोन येते ना, भाव सांगाले. मी कवा ऐकीन?"

बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांचं तेच. घरात चालू फोन एकच, तो पहाटे टेम्पोत बसून अमरावतीला येतो, दुपारी परत जातो, मग चार्जिंगला लागतो. संध्याकाळी जेवणं आटोपली की घर झोपतं. आम्ही धडा पाठवतो रात्री आठला. न उचलल्यास त्याच नंबरवर परत लावून ऐकता येतो, ही सोय माझीच. ती पुरुषांनी वापरली, टेम्पोत.

मग तिसरा प्रश्न आठवला. पालेभाजी बाजारात नेताना कशाने झाकावी? सगळ्यांचं उत्तर 'प्लास्टिकने', एकजात चूक. मी अहवालात लिहिलं, 'ओल्या बारदानाचं महत्त्व महिलांना माहीत नाही, स्वतंत्र धडा हवा.' आणि माझ्याशी बोलता बोलता मंगलावैनी जुड्यांवर ओलं बारदान टाकत होत्या.

अहवाल अकोल्याच्या मुख्य कार्यालयात जाऊन आठवडा झाला. त्याच्या आधारावर मंजुरी आली आहे.

शुक्रवार, ५ डिसें.

गावंडे सरांना सांगितलं. आमच्या दूरशिक्षण केंद्राचे प्रमुख, चांगला माणूस. पूर्ण ऐकून घेतलं, चहा मागवला. वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, तू खोटं लिहिलं नाहीस, दिसलं ते लिहिलंस. आता अकोल्याला कळवलं तर मंजुरी थांबेल. थांबलेली गोष्ट आपल्याकडे पुन्हा उठत नाही. ५ जानेवारीला सुरू होऊ दे, सुरू झाल्यावर बायका आपोआप यायला लागतील.

मी विचारलं, आणि नाही आल्या तर? प्रमाणपत्र कोणाला देणार?

सर म्हणाले, "वृषाली, तुझ्यासारख्या माणसांमुळे कामं नीट होतात. आणि उशिरा होतात." हसून म्हणाले. घरी येईपर्यंत मी ते दहा वेळा उलटसुलट करून पाहिलं, कौतुक होतं की काय होतं.

एक नियमही आहे, तो इथे लिहून ठेवते. प्रत्येक विद्यार्थिनीचा स्वतःचा नंबर हवा, उत्तर त्याच नंबरवरून हवं. 'दूरशिक्षणात ओळख पटवण्यासाठी.' नियमावलीच्या मसुद्यात हे वाक्य मीच टाकलं होतं. फार अभिमानाने.

रविवार, ७ डिसें. चांदूर रेल्वे

घरी आले. बाबा वांग्यात पाणी सोडायला गेलेले, आई लग्नाला. आत्या ओट्यावर लसूण निवडत होती. तिला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "म्हंजे मानसं शिकून राहिले बायांच्या नावानं. तेबी शिकले नाईतच."

आत्या म्हणजे माझी पहिली शाळा. घर शेतात, शाळा दूर, मध्ये नाला. चौथीपर्यंत मी घरीच. बाकीच्यांना वाटतं आत्याने मला पाटीवर शिकवलं. पाटी होती, पण शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. सकाळी ती धडा वाचून दाखवायची. दुपारी ती तोडणीला लागली की मी मागे मागे चालत तो धडा तिला सांगायचा. तिची पाठ माझ्याकडे, हात झाडात. मी बरोबर सांगत असले की हात चालत राहायचे. चुकले की थांबायचे. ती काही बोलायची नाही. मी मागे जाऊन पुन्हा सांगायची, हात पुन्हा सुरू होईपर्यंत.

आज विचारलं, आत्या, तू मुद्दाम थांबायचीस?

"कायचं मुद्दाम? समजलं नाई की हात थांबतेच मानसाचा."

म्हणजे तिला खरंच समजायचं नाही. मला वाटत आलं की ती परीक्षा घेते.

थेट पाचवीत नाव घालायला आत्याच घेऊन गेली होती. मुख्याध्यापकांनी विचारलं, आधीची शाळा? मी तिच्या पदराआड. आत्या म्हणाली, घर. त्यांनी हसून रेघ मारली. माझ्या दाखल्यावर अजून त्या जागी रेघ आहे. नोकरीच्या मुलाखतीत दर वेळी कोणीतरी त्या रेघेवर बोट ठेवतं.

मंगळवार, ९ डिसें.

वलगाव. दुपारी मुद्दाम गेले, पुरुषोत्तमभाऊ, म्हणजे मंगलावैनींचे यजमान, घरी असतील म्हणून. होते. मला पाहून उठून बसले, टोपी शोधायला लागले. वैनींनी त्यांना आधीच झापलेलं दिसत होतं.

टेम्पोतली हकीकत त्यांनीच सांगितली. पहाटेची थंडी, रेडिओ बिघडलेला. कोणाच्या तरी फोनवर न उचललेला नंबर दिसला, लावला, तर बाईचा आवाज भाजीबद्दल बोलायला लागला. सगळ्यांनी कान दिले. मग प्रत्येकाने आपापल्या फोनवरून लावला. प्रश्न आले तेव्हा टेम्पोवाला नामदेव जे सांगेल ते सगळ्यांनी दाबलं. झाकण्याच्या प्रश्नाला तो म्हणाला, प्लास्टिक. त्याने नुकतीच नवी ताडपत्री घेतली आहे.

हसू आलं. रडूही. दोन्ही आवरलं.

भाऊ म्हणाले, "आवाज तुमचा व्हता का मॅडम? बरा वाटला. दुसरा धडा कवा हाय? नामदेव इचारून राह्यला."

"नामदेवले पाठवा मंग शाळेत," वैनी आतून म्हणाल्या. "कागद बी त्यालेच द्या."

'कागद' हा शब्द वैनींच्या तोंडी तिसऱ्यांदा ऐकला. निघताना विचारलं, प्रमाणपत्राचं तुम्हाला इतकं काय? त्या रस्त्यापर्यंत सोडायला आल्या होत्या. चालता चालता म्हणाल्या, शेत सासऱ्यांच्या नावावर, घर यांच्या, अडत्याकडची भाजीच्या हिशेबाची पट्टीही यांच्याच नावाने निघते. "माह्या नावाचा एक बी कागद नाई, आधार सोडलं त. बचतगटात मले कोनी इचारलं, तू काय करतं, त म्या काय दाखवू? हात दाखवू?"

मी म्हटलं, मिळेल. का म्हटलं? माझ्या हातात आहे का?

बुधवार, १० डिसें.

दिवसभर दुसरा धडा रेकॉर्ड केला. चार वेळा. केंद्रातली मागची खोली, पंखा बंद, तरी ऑटोचे हॉर्न येतातच. पाचव्यांदा ऐकताना प्रश्न पडला, हे मी कोणाशी बोलते आहे? डोळ्यांपुढे नामदेव आला. ताडपत्रीसकट.

घर - दुपार - जुड्या - एक फोन. हे चार शब्द कागदाच्या कडेला लिहिले आणि त्यांच्याकडे बघत बसले. जुड्या बांधायला त्या रोज एकत्र असतात. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. हात गुंतलेले, कान मोकळे.

आत्याच्या मागे चालणारी मी. तसं काही

उद्या लिहीन.

शुक्रवार, १२ डिसें.

करून पाहिलं. सरांना न सांगता. (न विचारता असं लिहायला हवं. सांगितलं मी आज सकाळी, निघताना, जिन्यातून.)

मंगलावैनींचं अंगण. फोन भाऊंचा, आवाज मोठा करून उपड्या टोपलीवर ठेवला. बायका गोल, मध्ये पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. धडा दुसरा, 'निवड आणि विक्री'. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त हात बघायचे.

सुरुवातीला कोणी ऐकतच नव्हतं. पार्वतामावशी, त्यांच्यात सगळ्यांत थोरल्या, म्हणाल्या, हे बाई किती शहान्यासारखी बोलते. कोणीतरी म्हणालं, थे हेच बाई हाय. मग सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या आणि त्यानंतर मात्र ऐकायला लागल्या. हात चालू. पिवळं पान वेगळं, मुळाची माती झटकायची, जुडी, सुतळी. माझा आवाज आणि त्यांचे हात अगदी बरोबरीने चालले होते. इतकं बरं वाटलं.

मग आलं, 'दर ठरवताना ग्राहकाशी मोकळेपणाने बोला.'

हात थांबले. एकीचे नाही, सगळ्यांचे.

मी पुढचं ऐकलंच नाही. यांच्यातली एकही ग्राहकाशी बोलत नाही. बाजारात जातच नाही. माल अडत्याकडे, अडत्याशी पुरुष. मी तो अर्धा धडा कोणासाठी लिहिला? पुस्तकातून घेतला होता. पुस्तक कुठल्या तरी दुसऱ्या बाजाराचं होतं.

तेवढ्यात धडा मध्येच तुटला. अडत्याचा फोन. कोणी उचलावा ते कळेना. पुरुषोत्तमभाऊ झोपेतून उठून धोतर सावरत धावत आले, फोन घेऊन कोपऱ्यात गेले. पालकाचा भाव पडला म्हणून कळलं. मग धडा लावायची कोणाची इच्छा राहिली नाही. पार्वतामावशी उठून गेल्या. मी रिकामी टोपली घेऊन उभी.

शनिवार, १३ डिसें.

आज पुन्हा. अंगण दुसरं, पण वैनी होत्या. कालच्या अर्ध्या धड्यातलं काय आठवतं ते, काल न आलेल्या दोघींना सांगा, एवढंच म्हटलं आणि माझ्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं. प्रश्न नाहीत, बटणं नाहीत.

वैनींनी सांगितलं. अनुक्रम चुकवून, मध्ये स्वतःचं घालून. माझं 'मुळाची माती झटकावी' हे वाक्य त्यांनी 'माती नाई झटकली त तो आडत्या वजनात कापते' असं केलं. ग्राहकाशी बोलण्याचा भाग गाळून टाकला. त्या जागी म्हणाल्या, "इथं ताईनं काई तरी सांगतलं, ते आपल्या कामाचं नाई. आपल्या कामाचं हे, का थो भाव कोन्या वेळी ठरते? आपन जुड्या बांधतो तवा, का माल उतरल्यावर? हे कोनी सांगतलं का आपल्याले कवा?"

ऐकणाऱ्या दोघींचे हात थांबलेले. वैनींचेही.

आणि अंगणाच्या कडेला पुरुषोत्तमभाऊ उभे. आपल्या फोनवर लक्ष ठेवायला आलेले. कोणी त्यांना विचारलं नव्हतं, पण ते खाली बसले आणि सांगायला लागले, बोली कशी लागते, पहिल्या टेम्पोचा माल आणि शेवटच्या टेम्पोचा माल यात काय फरक पडतो. वैनी मध्येच त्यांना अडवत होत्या, "हळू सांगा, पोरी ऐकून राहिल्या." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं म्हणे. वैनींनी कधी विचारलंही नव्हतं.

हा धडा माझ्याकडे नाही. हा धडा लिहायला हवा.

आनंदात घरी आले आणि जेवताना आठवलं. नियम. स्वतःचा नंबर, स्वतःचं उत्तर. अंगणाला नंबर नसतो.

सोमवार, १५ डिसें.

गावंडे सरांपुढे सगळं मांडलं. एक अंगण, एक फोन, दुपारची वेळ. ऐकलेला धडा दुसऱ्या दिवशी एकीने दुसरीला सांगायचा, आणि त्या सांगण्याचं रेकॉर्डिंग म्हणजे तिचं उत्तर. आवाजावरून ओळख पटते, बटणावरून पटत नाही.

सर म्हणाले, कल्पना चांगली आहे. पण हे मांडायचं तर आधी सांगावं लागेल की पहिला अहवाल चुकला. अकोल्याच्या इंगोले मॅडम कडक आहेत. त्यांनी मोठ्या मुश्किलीने 'फक्त महिलांसाठी' या अटीवर मंजुरी आणली. पुरुषांनी उत्तरं दिली म्हटल्यावर वरचे लोक हसतील आणि मॅडमना मान खाली घालावी लागेल. त्यांनी रद्द केलं तर मी काही करू शकत नाही.

मंगळवारी, २३ ला, अभ्यासक्रमाची पुस्तिका नियमांसकट छपाईला जाते. त्यानंतर काही बदलता येणार नाही.

म्हणजे त्याआधी.

मला खरं काय वाटतं ते इथे तरी लिहावं. गप्प राहावंसं वाटतं. ५ जानेवारीला सुरू होईल, नामदेव उत्तरं देईल, जूनमध्ये मंगलावैनींना कागद मिळेल. त्यांना आनंद होईल. तो कागद नामदेवने मिळवलाय हे त्यांना आणि मला माहीत असेल.

गुरुवार, १८ डिसें.

वैनींना न सांगता जायचं नाही असं वाटलं. कागद त्यांचा आहे. वलगावला गेले. त्या एकट्याच होत्या, मेथी धूत होत्या. सरळ सांगितलं. अकोल्याला जाऊन खरं सांगितलं तर अभ्यासक्रम कदाचित येणारच नाही. नाही सांगितलं तर येईल, पण जसा आहे तसा, रात्री आठचा.

धुणं चालू होतं. मग थांबलं.

"मंग नका सांगू," म्हणाल्या.

मी धुतलेली जुडी उचलून टोपलीत ठेवली.

"तुमाले नोकरी हाय ताई. तुमचं नाव हाय तिथं पाटीवर. आमचं एवढंच येऊन राह्यलं व्हतं दारात." आवाज चढलेला नव्हता. "मी शिकीन न बाकीचं. तुमी दुपारी येत जा, तसंच सांगत जा. फोनचं फोनवर राहू द्या. कोनाचं काय जाते?"

कोणाचं काय जातं. बसमध्ये हेच घोळत होतं. कोणाचंच काही जात नाही बहुतेक. मी दर दुपारी वलगावला जाऊ शकते. पण यादीत वलगाव एकटं नाही. बाकीच्या गावांत दुपारी कोण जाईल? तिथेही टेम्पो असतीलच.

आणि तरी, त्या म्हणाल्या नका सांगू. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. आता ते उत्तर बाजूला सारायचं, तर विचारलं कशाला?

आत्याला फोन केला. तिला वाटलं मी रडते आहे. नव्हते. म्हणाली, तू जे सांगशीन ते सरळ सांग, मागं-पुढं नको करू. मी म्हटलं, त्या माझ्यावर रागावतील. "रागावतीन. मंग?" आणि तिने भाजी काय केली ते विचारलं.

शुक्रवार, १९ डिसें.

दुरुस्तीचा मजकूर लिहिला. पहिल्यांदा तीन पानं झाली, त्यात माफी फार होती. दुसऱ्यांदा एक पान, त्यात नामदेवची ताडपत्री होती. ती काढली. मग परत घातली. मॅडम हसल्या तर हसू देत. काय घडलं ते त्यावाचून कळतच नाही.

शेवटी नवा आराखडा. अंगण, दुपार, सांगणं. वाढीव धडा एक, 'भाव कसा ठरतो', त्यात बाजारात जाणाऱ्यांचे आवाज. पुरुषांना हाकलायचं नाही, त्यांना त्या धड्यात बोलवायचं. ग्राहकाशी बोलण्याचा भाग रद्द.

सरांनी वाचलं. एक स्वल्पविराम दुरुस्त केला. 'अग्रेषित' लिहून सही केली. "मी सही करतो. पण मॅडमपुढे तूच बोल. मला अडखळायला होतं." सरांना अडखळायला होतं हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. वैनींना कसं कळवायचं? नंबर लावला तर पुरुषोत्तमभाऊ उचलतील.

लावला. भाऊंनीच उचलला. म्हटलं, वैनींना सांगा, सोमवारी मी अकोल्याला जाते आहे. कशाला, हे त्यांना माहीत आहे. मला क्षमा करा म्हणावं. भाऊ "हाव हाव" म्हणाले. पलीकडे बाजाराचा गलका. किती पोचलं देव जाणे.

शनिवार, २० डिसें.

दुपारी फोन आला. भाऊंचा नंबर. उचलला तर वैनी. फोनवर वैनींचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. फार मोठ्याने बोलतात, लांब शेतात कोणाला हाक मारावी तशा.

रागावल्या आहेत का ते विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीही ती गोष्ट काढली नाही. विचारलं, अकोल्याची गाडी किती वाजता? म्हटलं, सातची एस.टी., अमरावतीच्या स्टँडवरून. मग मागे कोणाशी तरी बोलल्या. परत फोनवर आल्या.

"मी बी येतो."

मी म्हटलं, वैनी, मॅडम नाही म्हणतील कदाचित. तुमच्या समोर.

"म्हनू द्या. नाई म्हनाचं असन त माह्याकडे पाहून म्हना म्हनीन." मग जरा थांबून, "अन् टेम्पो पहाटेच येते अमरावतीले. त्यातच बसून येतो. पुढं नामदेवजवळ नाई, मागं बसीन, पालकासंग."

हा फोन त्या दिवशी कुठे असेल, विचारलं. म्हणाल्या, हे तो बाजारात न नेता घरी, बायांजवळ ठेवतो म्हणून राहिले. एक दिवस भाव नाही कळला तर नाही कळला. मागून भाऊंचा आवाज, सोमवारचाच फक्त. वैनी त्यांना म्हणाल्या, "आयकलं."

तेरा तारखेचं अंगणातलं सांगणं त्यांच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं आहे. ते मॅडमना ऐकवायचं का? वैनी समोर बसलेल्या असताना? की त्यांनाच सांगू द्यायचं? रविवारी ठरवीन. साडी कोणती नेसायची तेही. दाखल्यावरची रेघ उगाच आठवते आहे. मॅडम माझा दाखला मागणार नाहीत, हे माहीत असून.

पिशवीत घालून ठेवलं: दुरुस्ती, आराखडा, धडा दोनचं रेकॉर्डिंग, पाण्याची बाटली. वैनींसाठी शाल, पहाटे टेम्पोत मागे थंडी लागेल.

जाणार सोमवारी, २२ डिसेंबरला.